सोनोग्राफी : पोटाची नव्हे, छातीची

"मला काय या वयात दिवस गेल्यात व्हय?" असे म्हणून आजीने पदर तोंडाला लावला आणि खोकत खोकत हसली.

गेल्या श्रावणातली गोष्ट. ताप, कोरडा खोकला आणि दम लागतो म्हणून आजीला बीडच्या एका रुग्णालयात दाखल केले होते. बोटाला लावायच्या चिमट्यावर प्राणवायूचा आकडा ९० च्या आसपास घुटमळत होता. रात्री तिच्याजवळ राहायला मीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई चाकांवरचे एक लहानसे यंत्र ढकलत खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमची सोनोग्राफी करायची आहे." आमच्या नेकनूरकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची, फार तर कुणाच्या मुतखड्याची. खोकल्याला सोनोग्राफी कुणी ऐकलेली नाही. मीही ऐकलेली नव्हती. आजी हसली म्हणून मीही हसले. पण पुढच्या वीस मिनिटांत त्या पडद्यावर जे पाहिले, ते मनातून जाईना. म्हणून हा लेख.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाची आणि माझी ताटातूट झाली, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. आजी रुग्णालयात होती त्या आठवडाभरात डॉक्टरीणबाईंना मी इतके प्रश्न विचारले की, "तू डॉक्टर का नाही झालीस?" असे त्यांनी एकदा विचारले. त्याचे उत्तर घरच्या परिस्थितीत आहे, ते इथे नको. नंतर मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे समजले ते सांगते.

छातीच्या आत काय चालले आहे हे छाती न फाडता कसे कळावे, हा वैद्यांपुढचा फार जुना प्रश्न. बाजारात मडके घेताना आपली आई काय करते? टिचकी मारते. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर ठेवून द्यायचे. १७६१ साली व्हिएन्नातील लिओपोल्ड औएनब्रुगर या वैद्याने नेमके हेच माणसाच्या छातीवर करावे असे सुचवले. त्याचे वडील खानावळवाले होते; दारूची पिंपे किती भरली आहेत हे ते ठोकून ओळखत आणि मुलाने ते पाहिले होते, असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसच्या लाएनेकने कागदाची सुरळी करून ती छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले. आपल्याकडे आजही छातीचा एक्स-रे म्हणत नाहीत, ‘फोटो’ म्हणतात.

आता सोनोग्राफी. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. वटवाघूळ त्याच्यावरच अंधारात वाट काढते. सोनोग्राफीच्या यंत्रातून सेकंदाला २० लाखांपासून एक कोटीहून अधिक कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतात. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते आणि किती जोराने आला यावरून पडद्यावरचा ठिपका उजळ की काळा हे ठरते. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, हवेतून मात्र सुमारे ३४० मीटर. अशा दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर ध्वनी आला की जवळजवळ सगळाच्या सगळा माघारी फिरतो. म्हणून तर पोटावर तो थंडगार चिकट लेप लावतात. कातडी आणि यंत्राचा दांडा यांच्यामध्ये हवेचा पापुद्राही राहता कामा नये.

इथेच खरी अडचण होती. फुप्फुस म्हणजे हवेचे गाठोडे. बरगड्यांमधून ध्वनी आत गेला की फुप्फुसाच्या पृष्ठभागावरूनच परत फिरणार. आतले काही दिसणार नाही. त्यामुळे फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे लिहिलेले होते. ते चुकीचे होते असेही नाही. निरोगी फुप्फुसाचे चित्र सोनोग्राफीत खरोखरच दिसत नाही.

पण फ्रान्समधील डॅनिएल लिख्टेनस्टाईन नावाच्या डॉक्टरांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. ते अतिदक्षता विभागात काम करीत. तिथला अत्यवस्थ रोगी उचलून दुसऱ्या खोलीत नेणेही जोखमीचे. फुप्फुस दिसत नाही हे खरे, पण त्याच्या जागी पडद्यावर ज्या खोट्या रेषा उमटतात त्या निरोगी माणसात एक प्रकारच्या आणि रोग्यात दुसऱ्या प्रकारच्या असतात, हे त्यांनी हेरले. इतर डॉक्टर त्या रेषांना यंत्राचा दोष म्हणत. १९९७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धूमकेतूच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या रेषांवर निबंध प्रसिद्ध केला. २००८ साली दम लागून अतिदक्षता विभागात आलेल्या २६० रोग्यांचा अभ्यास मांडला. त्यात नुसत्या खाटेजवळच्या सोनोग्राफीवरून ९०.५ टक्के रोग्यांचे निदान बरोबर आले होते. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. यंत्र तेच होते, रेषाही त्याच होत्या. त्यांना दोष म्हणून पुसून न टाकता कुणीतरी वाचायला बसले, एवढाच फरक.

आजीच्या पडद्यावर मी काय पाहिले ते आता सांगते. डॉक्टरीणबाईंनी दांडा प्रथम गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या पुढच्या बाजूला ठेवला. "ही जागा चांगली आहे, आधी ही बघ," त्या म्हणाल्या. दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या आणि त्यांच्यामध्ये एक लख्ख आडवी रेघ. ही रेघ म्हणजे फुप्फुसावरण. श्वासागणिक ती मागेपुढे सरकत होती, सुताराचा रंधा फळीवर फिरावा तशी. तिच्याखाली तशाच आडव्या रेघा, एकाखाली एक, सारख्या अंतरावर, फिकट होत गेलेल्या. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे असले म्हणजे एका माणसाची दहा माणसे दिसतात ना? तोच प्रकार. ध्वनी फुप्फुसावरण आणि दांडा यांच्यामध्ये येरझारा घालतो आणि प्रत्येक खेपेला एक खोटी रेघ उमटते. यांना ‘ए’ रेषा म्हणतात. त्या दिसल्या म्हणजे खाली हवा आहे, फुप्फुस कोरडे आहे.

मग त्यांनी आजीला बसवले आणि दांडा पाठीकडे, खालच्या बाजूला नेला. तिथे त्या आडव्या रेघा नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या जागी फुप्फुसावरणापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे पट्टे खाली सोडलेले होते. पहाटे धुक्यात मोटारसायकलचा दिवा लागावा आणि त्याचा झोत उठून दिसावा, तसे. श्वासाबरोबर तेही हलत. या ‘बी’ रेषा. बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा अधिक दिसल्या तर ते चांगले लक्षण नव्हे. वायुकोशांभोवतीच्या नाजूक भिंती सुजून ओल्या झाल्या की हवा आणि पाणी यांच्या अगदी लहान लहान कप्प्यांत ध्वनी अडकतो, आतल्या आत घुमत राहतो आणि थोडा थोडा परत येतो, म्हणून हे पट्टे, असे त्यांनी समजावले. नेमके कसे याबद्दल शास्त्रज्ञांत अजूनही चर्चा आहे. ओल फार वाढली तर पट्टे एकमेकांत मिसळून सगळा भाग पांढराफटक दिसतो.

विषाणूंमुळे होणारा न्यूमोनिया ओळखायला ही तऱ्हा विशेष सोयीची का, याचे उत्तर रोगाच्या चालीत आहे. जिवाणूंचा न्यूमोनिया पुष्कळदा फुप्फुसाचा एक मोठा भाग धरून बसतो. तिथले वायुकोश पुवाने भरतात, हवा उरत नाही, आणि मग तो भाग सोनोग्राफीत यकृतासारखा भरीव दिसतो. विषाणूचा हल्ला बहुधा भिंतींवर असतो. तो दोन्ही फुप्फुसांत, तुकड्या-तुकड्यांनी पसरतो; एक जागा ओली, तिच्या शेजारची कोरडी. फुप्फुसावरणाची रेघ खडबडीत होते, मध्येच तुटल्यासारखी वाटते, तिच्यालगत बारीक भरीव ठिपके दिसतात. कोविडच्या आजारात ही ओल मुख्यतः फुप्फुसाच्या कडेला आणि पाठीकडच्या खालच्या भागात असे. सोनोग्राफीला फक्त कडा दिसतात, आणि रोगही कडेलाच. म्हणून २०२० मध्ये इटलीत रुग्णालये भरून वाहू लागली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी या पद्धतीचा आधार घेतला.

छातीचे बारा भाग कल्पून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, एकूण ३६. आजीचे १४ भरले. परीक्षेत कमी गुण पडले तर वाईट, इथे उलटे. घशाच्या नमुन्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला : इन्फ्लुएंझा. औषध मात्र डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सुरू केले होते.

त्या अहवालाची वाट पाहावी लागली, यातच या पद्धतीची मर्यादाही आली. फुप्फुस ओले आहे एवढे सोनोग्राफी सांगते, ते कोणत्या विषाणूने हे सांगत नाही. हृदय थकले तरी फुप्फुसात पाणी चढते आणि ‘बी’ रेषा दिसतात. तेव्हा त्या बहुधा दोन्हीकडे सारख्या असतात आणि फुप्फुसावरणाची रेघ गुळगुळीत राहते. जुन्या रोगाने फुप्फुसात वण पडलेले असले तरी फसगत होते. रोग खोल, मध्यभागी असेल आणि कडेपर्यंत आला नसेल तर तो दिसतच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाहणाऱ्याचा डोळा तयार हवा. डॉक्टरीणबाईंनी आजीचे पाय दाबून सूज पाहिली, हृदय पाहिले, रक्त तपासले आणि मगच निदान उच्चारले.

एवढे असूनही त्या यंत्राकडे पाहताना मला राहून राहून २०२१ चा एप्रिल आठवत होता. मी तेव्हा नववीत होते. शाळा बंद. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न : "स्कोअर किती आला?" हा स्कोअर सीटी स्कॅनचा, २५ पैकी. शेतातून येणारा माणूसही ‘एचआरसीटी’ हा शब्द बिनचूक उच्चारत होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने या तपासणीचे दर यंत्राच्या प्रकारानुसार २०००, २५०० आणि ३००० रुपये असे बांधून दिले होते. पैशांचे कसेतरी जमत होते, पण यंत्र बीडला आणि रोगी नेकनूरला. माझ्या थोरल्या काकांना जीपमध्ये मागच्या बाकावर झोपवून नेले. मांजरसुंब्याच्या पुढे जाईपर्यंत ते बोलत होते, असे वडील सांगतात. तपासणीच्या ठिकाणी रांग होती. ते अडीच तास जीपमध्येच पडून होते आणि सोबत नेलेला प्राणवायू परतीच्या आधीच संपला. स्कोअर १७ आला. मग खाट शोधण्यात रात्र गेली. सहाव्या दिवशी काका गेले.

छातीची सोनोग्राफी असती तर काका वाचले असते, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनाही विचारले, त्यांनी "तसं सांगता येत नाही गं" एवढेच उत्तर दिले आणि ते मला प्रामाणिक वाटले. सीटी स्कॅनला जे खोलवरचे दिसते ते सोनोग्राफीला दिसत नाही, हेही खरे. पण त्या अडीच तासांचा प्रवास टळला असता. फुप्फुस ओले झाले आहे, याला आत्ताच प्राणवायूच्या खाटेची गरज आहे, एवढे कळायला गाव सोडावे लागले नसते. शिवाय सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात उगाच सीटी स्कॅन करू नका असे सांगितले होते. त्यांनी दिलेली किरणांची तुलना क्ष-किरणतज्ज्ञांना मान्य झाली नाही, पण गरज नसताना तपासणी नको यावर वाद नव्हता. सोनोग्राफी रोज केली तरी चालते. लहान मुलांच्या छातीची भिंत पातळ, त्यामुळे त्यांच्यात तर ती अधिकच स्पष्ट दिसते. आणि गरोदर बाईला न्यूमोनिया झाला तर? सीटी स्कॅन शक्यतो टाळावा असा जो रोगी, त्याच्यासाठी याहून चांगले साधन कोणते?

मी डॉक्टरीणबाईंना हेच म्हटले : "मग हे यंत्र गाडीत घालून गावोगाव का नेत नाहीत? आता तर मोबाईलला जोडायचीही यंत्रे निघाली आहेत म्हणे." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. ती पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी हवी, मग ते पोटासाठी असो वा हृदयासाठी. गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीला ‘एफ’ अर्ज भरावा लागतो. २०१२ च्या नियमांनुसार हातात नेता येईल असे यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रोग्यांसाठी वापरायचे. इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा तेवढा अपवाद. म्हणजे डॉक्टरीणबाई ते यंत्र चाकांवरून एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत नेऊ शकतात, नेकनूरच्या आमच्या घरी आणू शकत नाहीत.

हा नियम का आला हे बीड जिल्ह्याला तरी कुणी समजावून सांगायला नको. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. राज्यात सर्वांत कमी. २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्या खटल्यात डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. २०११ च्या जनगणनेच्या वेळी मी पाच वर्षांची होते. म्हणजे त्या ८०७ मध्ये मी मोजली गेले आहे. आम्ही तिघी बहिणी; मी तिसरी. माझ्या वेळी आईला ‘एकदा बघून घे’ असे सांगणारे नातेवाईक होते आणि ‘आता जे होईल ते होईल’ म्हणून अडून बसली ती हीच आजी.

त्यामुळे कायदा सैल करा असे माझ्याने म्हणवत नाही. तरीही काकांच्या जीपची आठवण जात नाही. मी पुस्तकी शहाणपण दाखवून एक तोडगा काढला होता. छातीसाठी सपाट तोंडाचा, जास्त कंपनांचा दांडाही चालतो. तो काही सेंटिमीटरच खोल पाहतो. पोटातल्या गर्भासाठी कमी कंपनांचा, वक्र तोंडाचा दांडा लागतो. मग नुसत्या उथळ दांड्याची यंत्रे करून ती गावोगाव द्यावीत! डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "किडकिडीत बाई असली तर त्यातूनही दिसेल," त्या म्हणाल्या. ऊसतोडीहून परत आलेल्या आमच्याकडच्या बायका मी पाहिल्या आहेत. अंगावर मांस किती असते त्यांच्या? मी गप्प बसले.

मग त्याच म्हणाल्या की, यंत्र फिरवण्यापेक्षा ते जिथे आधीच नोंदलेले आहे तिथे डोळे तयार करावेत. ग्रामीण रुग्णालयांत, स्त्री रुग्णालयांत सोनोग्राफीची यंत्रे असतात. त्यांवर छाती पाहायला कायद्याची ना नाही. वर्षानुवर्षे ती पोटापुरतीच वापरली जातात, कारण छाती पाहायला कुणी शिकवलेले नसते. ‘ए’ आणि ‘बी’ रेषा ओळखणे हे सोनोग्राफीतल्या सोप्या कामांपैकी आहे. मला वीस मिनिटांत त्या वेगळ्या ओळखता आल्या. अर्थात ओळखणे वेगळे आणि त्यावरून औषध देणे वेगळे. आमच्या नेकनूरला शासकीय रुग्णालय आहे, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे तिथेच येतात. पुढची साथ येण्यापूर्वी हे शिक्षण तिथल्यासारख्या ठिकाणी पोहोचले, तर निम्मी धावपळ वाचेल असे मला वाटते.

पाचव्या दिवशी आजीची पुन्हा तपासणी झाली. पाठीकडचे पट्टे विरळ झाले होते आणि एका जागी, जिथे पहिल्या दिवशी सगळे पांढरे होते, तिथे दोन आडव्या रेघा पुसट पुसट उमटल्या होत्या. गुण १४ वरून ८ वर आले. आजीला यातले काही दिसत नव्हते. तिचे लक्ष त्या लेपाकडे होते. "लई गार हाय बाई हे," एवढीच तिची तक्रार. डॉक्टरीणबाईंनी दांडा पुसला, यंत्र ढकलत नेऊन खोलीत ठेवले, खोलीला कुलूप घातले आणि नोंदवही उघडून आजीचे नाव लिहिले. वय ७१. तपासणी : छाती.